इंजिन बंद केल्यावर

"तारीख रवांदे ताई. अष्टमी धरून येवा. भांगाच्या पाण्यात दर्या गप असता."

किल्ले निवतीच्या तांडेलांशी, म्हणजे होडीच्या प्रमुखांशी, फोनवर झालेलं हे माझं पहिलं बोलणं. मी कोल्हापुरात वाढलेली. अष्टमीचा आणि समुद्राचा संबंध मला लागेना. फोन ठेवला तेव्हा आई शेजारी मेथी निवडत बसली होती. तिने मान वर न करता सांगितलं, "अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं. पाणी खूप चढतं, खूप उतरतं, सगळी रेती घुसळून निघते. अष्टमीच्या सुमारास भांग. चढ-उतार कमी. पाणी नितळ राहतं." मग तिने तिच्या वडिलांचा हिशोब सांगितला: तिथीची पाऊणपट केली की साधारण भरतीची वेळ मिळते. अष्टमीची पाऊणपट सहा. सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला भरती, दुपारी बाराला ओहोटी.

आई आचऱ्याची. मालवणपासून तासाभराच्या आतलं गाव. लग्न होऊन कोल्हापुरात आली त्याला आता सत्तेचाळीस वर्षं झाली. समुद्राच्या काठी जन्मली, वाढली, आणि आजवर एकदाही होडीत बसलेली नव्हती. हे मला गेल्या दिवाळीत पहिल्यांदा कळलं. मी विचारलं, तेव्हा तिला त्यात काही नवल वाटलं नाही. त्यांचं घर शेतीवालं. होड्या गाबितांच्या, म्हणजे मच्छीमारांच्या. आणि बायकामाणसांनी होडीत बसायचं कारणच काय? रापणीची, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याची, मासळी आणायला किनाऱ्यापर्यंत जायचं आणि घरी यायचं. त्या बोलण्यानंतर मी ठरवलं की आईला घेऊन दर्यात जायचं, आणि निवतीजवळच्या बेटांच्या आसपास जे काही जगतंय ते तिला दाखवायचं. खरं तर मलाही बघायचं होतं.

जानेवारीचा शेवटचा आठवडा ठरला. माघ शुद्ध अष्टमी नेमकी २६ जानेवारीला येत होती. शनिवार, रविवार, सोमवार अशी जोडून सुट्टी. फोंडा घाट उतरून शनिवारी संध्याकाळी देवबागला पोहोचलो. निवतीची होडी सोमवारची होती, त्यामुळे रविवार मोकळा होता. राहायच्या ठिकाणी चौकशी केली तर सकाळच्या डॉल्फिन सफरीत दोन जागा लगेच मिळाल्या. ही पहिली सफर मी थोडक्यातच सांगणार आहे, पण ती गाळता येणार नाही.

देवबाग म्हणजे एका बाजूला कर्ली नदी आणि दुसऱ्या बाजूला अरबी समुद्र, मध्ये माडांनी भरलेली वाळूची चिंचोळी पट्टी. पट्टी संपते तिथे संगम. नदीच्या पात्रातून होडी निघते, त्सुनामी आयलंड म्हणतात तो वाळूचा पट्टा मागे टाकते, आणि मुखाशी आली की नदीचं हिरवं पाणी आणि समुद्राचं निळसर पाणी यांची रेघ दिसते. पलीकडे भोगव्याचा किनारा. इथवर सगळं सुंदर होतं. आईने लाइफ जॅकेटचा पट्टा दोनदा ओढून पाहिला आणि मग बाकाची कड जी धरली ती सोडली नाही.

मुखाबाहेर आलो आणि कुणीतरी ओरडलं, "तो बघा!" पाठीचा एक करडा कमानदार तुकडा क्षणभर वर आला. आमच्यासकट आठ-नऊ होड्या चारी बाजूंनी तिकडे वळल्या. इंजिनांचा आवाज, डिझेलचा धूर, मोबाइल वर धरलेले हात. पाठ बुडाली. दोन मिनिटांनी लांबवर पुन्हा दिसली, पुन्हा सगळ्या होड्या तिकडे. एका होडीने तर बरोबर त्यांच्या वाटेवर आडवी धाव घेतली. असं चार वेळा झालं. चौथ्या वेळी मला एका मोठ्या पाठीला चिकटून एक लहान पाठ दिसली. लहानगी फिकट करडी होती आणि मोठीपेक्षा जास्त वेळा श्वासाला वर येत होती. एक होडी तिच्या अगदी जवळून गेली. मी होडीवाल्याला म्हटलं, "दादा, पुरे, परत चला." पण होडीत आणखी दहा माणसं होती, त्यांनी पैसे मोजले होते आणि त्यांच्या मुलांना अजून नीट दिसलं नव्हतं. होडीवाल्यालाही दिवसाचा धंदा दुपारच्या आत उरकायचा होता. मी कोणा एकाला दोष देत नाही. पण ती लहान पाठ माझ्या डोळ्यांपुढून दिवसभर हलली नाही.

संध्याकाळी किनाऱ्यावर आईने एवढंच विचारलं, "उद्याही असंच असेल काय गं?"

सोमवारी साडेसहाला आम्ही किल्ले निवतीच्या बंदरात होतो. अंधार पुरता गेला नव्हता. टेकाडावर जुन्या किल्ल्याची झाडीत बुडालेली काळी आकृती, खाली ओळीने लावलेल्या होड्या, आणि हवेत सुकटीचा वास. तांडेल पन्नाशीचे. त्यांच्याबरोबर त्यांचा पुतण्या होता. होडी फायबरची, मागे आउटबोर्ड इंजिन, पण तळाशी दोन वल्ही आडवी बांधून ठेवलेली. पूर्ण होडीचे साडेचार हजार ठरले होते. माणशी हिशोबाने हे फार वाटेल, पण रविवारनंतर मला ते मुळीच जास्त वाटले नाहीत.

त्यांनी आधी आमचे जॅकेट स्वतःच्या हाताने आवळले, मग आईकडे बघून म्हणाले, "काकी, तुमी खंयच्या?"

"आचऱ्याची रे बाबा."

"मगे तुमी आमचीच. होडयेत कधी बसलात काय नाय?"

"आमचा घर शेतकऱ्याचा. बायलमाणसां होडयेत खंय बसतत?"

कोल्हापुरात सत्तेचाळीस वर्षं घाटावरची मराठी बोललेल्या माझ्या आईच्या तोंडून हे मालवणी इतक्या सहज आलं, की मी तिच्याकडे बघतच राहिले. तांडेलांनी तिला मध्यावर, जिथे होडी सगळ्यात कमी हलते, तिथे बसवलं. मला सांगितलं, उलटीची गोळी घेतली असेल तर उत्तम, नसेल तर आता घेऊन उपयोग नाही, नजर लांब क्षितिजावर ठेवा आणि मोबाइलमध्ये बघू नका. (गोळी निघायच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्यायला हवी. आम्ही घेतली होती. आईजवळ आलेपाकाचा पुडाही होता.)

बंदरातून बाहेर पडलो तेव्हा पाठीवर जमिनीकडून गार वारा येत होता. शाळेत भूगोलात मतलई वारे आणि खारे वारे पाठ केले होते. मतलई वारे रात्री नि सकाळी जमिनीवरून समुद्राकडे, खारे वारे दुपारी समुद्रावरून जमिनीकडे. त्या दिवशी तो वारा मानेवर जाणवला. तांडेलांचा सगळा दिवस या दोन वाऱ्यांवर बांधलेला. दहा-अकराच्या सुमारास वारा फिरतो, पाण्यावर पांढरी शिंपण दिसायला लागते, त्याच्या आत परतायचं. म्हणून तर साडेसहा.

किनाऱ्यापासून फार लांब गेलो नव्हतो. तांडेलांनी वेग कमी केला आणि आभाळाकडे बोट दाखवलं. मी पाण्यात डॉल्फिन शोधत होते, ते आभाळात पक्षी शोधत होते. एका जागी दहा-बारा सुरय पाण्यावर घिरट्या घालत होते आणि एकेक करून दगडासारखे खाली पडत होते. सुरय पडतात तिथे वरच्या पाण्यात बारीक मासळी असते, आणि मासळी वर आली असेल तर तिला खालून कुणीतरी हाकलत असतं. आम्ही त्या जागेच्या थेट दिशेने गेलो नाही. बाजूने, तिरकं, हळूहळू गेलो. दोन-अडीचशे हातांवर तांडेलांनी इंजिन बंद केलं.

"त्येंच्या मागे लागान मेळाचे नाय. आपण गप रवूया. येवचे आसले तर तेच येतले."

इंजिन बंद झाल्यावर आधी कानात त्याचीच घरघर राहिली. मग होडीच्या अंगाला पाणी चुळचुळतंय ते ऐकू आलं. मग सुरयांचं किरकिरणं. पाच मिनिटं गेली असतील, दहाही. पुतण्याने वल्हं पाण्यात धरून होडी सरळ ठेवली होती. काहीच दिसत नव्हतं.

आणि माझ्या मागे, उजव्या हाताला, अगदी जवळ आवाज झाला: फ्फूऽस.

प्रेशर कुकरची वाफ एकदम सोडावी तसा, पण ओलसर आणि मोठ्या छातीतून आलेला. मी वळेपर्यंत पाण्यावर फक्त गोल वलय होतं. आई मात्र त्याच बाजूला तोंड करून बसली होती. तिने माझं मनगट घट्ट धरलं. पुन्हा फ्फूऽस, आता पुढे. या वेळी पाहिलं. आधी लांबुळकं तोंड, मग कपाळाचा उंचवटा, मग पाठ, आणि पाठीवर उंटाच्या वशिंडासारखा फुगवटा व त्यावर बसवल्यासारखा छोटा पर. कुबड असलेला म्हणून हम्पबॅक डॉल्फिन. त्याचा रंग मी फोटोंत पाहिला होता तसा चकचकीत नव्हता, पावसात भिजलेल्या पाटीसारखा करडा होता. पाठीच्या पराच्या मागच्या कडेला एक खाच होती, जणू कुणी दात लावून तुकडा तोडला होता. तांडेल म्हणाले, हा त्यांना तीन वर्षं दिसतोय. खाचेवरून ओळखतात. संशोधकही याच रीतीने एकेका डॉल्फिनची ओळख पटवतात, पराच्या कडांचे फोटो जुळवून.

आमच्या किनाऱ्यावर दिसणारी ही जात पूर्वी पूर्वेकडच्या जातीतच धरत. २०१४ मध्ये हिंद महासागरातली ही वेगळी जात म्हणून मान्य झाली. शास्त्रीय नाव सूसा प्लंबिया, आणि आंतरराष्ट्रीय लाल यादीत ती संकटग्रस्त आहे. तिचं संकट तिच्या राहणीतच आहे. ती खोल समुद्रात जात नाही. किनाऱ्याला धरून, उथळ पाण्यात, खाड्यांच्या तोंडाशी राहते. म्हणजे जिथे आपली जाळी आहेत, बंदरं आहेत, सांडपाणी आहे आणि रविवारच्या होड्या आहेत, तिथेच तिचं घर. मादीला पिल्लू काही वर्षांतून एकदाच होतं. त्या पिल्लाला आईच्या कडेने पोहत राहावं लागतं, वर येऊन श्वास घ्यावा लागतो, दूध प्यावं लागतं. इंजिन अंगावर आलं की आई बुडी मारते आणि पिल्लाला तिच्यामागे तितकाच वेळ खाली राहावं लागतं. रविवारी मी जे पाहिलं त्याचा अर्थ मला सोमवारी लागला.

एकूण सहा होते. त्यांनी आमच्याकडे लक्ष दिलं असं मला वाटत नाही. ते मासळी खात होते. एक कुशीवर झाला आणि त्याचा एक हात, म्हणजे तो पुढचा पर, पाण्याबाहेर उभा राहिला. एकाने तोंडात बोयीसारखा मासा आडवा धरला होता, तो त्याने आधी सरळ केला आणि मग गिळला. जेमतेम वीस मिनिटं हे चाललं. मग ते दक्षिणेकडे सरकत गेले, आणि आवाज हळूहळू लहान होत गेला. तांडेलांनी ते दिसेनासे होईपर्यंत इंजिनला हात लावला नाही.

मी त्यांना विचारलं, मच्छीमारांचं आणि डॉल्फिनचं पटतं का? त्यांनी गोड उत्तर दिलं नाही. "जाळा फाडतत. खोटा कित्याक सांगू?" जाळ्यात अडकलेली मासळी काढून नेतात, भोकं पडतात, हजारोंचं नुकसान होतं. केंड मासा तर याहून वाईट, तो दातांनी जाळं कातरतो. पण डॉल्फिन जाळ्यात सापडला तर ते जाळं कापून त्याला सोडतात. पूर्वीही सोडत होते. डिसेंबर २०१८ पासून राज्य सरकारने अशा सोडवलेल्या संरक्षित जीवांसाठी फाटलेल्या जाळ्याची भरपाई द्यायला सुरुवात केली, २५,००० रुपयांपर्यंत. त्यासाठी सोडतानाचा फोटो किंवा व्हिडिओ लागतो. रात्री, हलत्या होडीत, एका हातात सुरी आणि जाळ्यात धडपडणारं दोन मीटरचं जनावर असताना मोबाइल कोण धरणार, हा त्यांचा प्रश्न मला अगदी रास्त वाटला. तरी किनाऱ्यावरचे बरेच जण आता फोटो काढतात. त्यांनी स्वतः दोन कासवं सोडवल्याचे व्हिडिओ दाखवले.

आणि तासाभरात कासवही दिसलं. आम्ही दीपगृहाच्या खडकांकडे निघालो होतो. दुरून ते वाहून आलेलं लाकूड वाटलं. जवळ गेल्यावर त्या लाकडाने डोकं वर काढलं. ऑलिव्ह रिडले मादी, पाठ साधारण दोन-सव्वादोन फूट, हिरवट राखाडी, आणि पाठीवर शेवाळ नि दोन शिंपल्यांसारख्या बार्नकल चिकटलेल्या. उन्हात तरंगत अंग शेकत होती. तिने एक दीर्घ श्वास घेतला, माझ्याकडे त्या जड पापणीच्या डोळ्याने पाहिलं आणि सावकाश खाली गेली. पाणी इतकं स्वच्छ होतं की खाली जाताना तिचे पुढचे पाय वल्ह्यांसारखे चाललेले बराच वेळ दिसत राहिले.

या दिवसांत माद्या रात्री किनाऱ्यावर येऊन अंडी घालतात. सिंधुदुर्गात वायंगणी, तांबळडेग अशा गावांत गावकरी ती घरटी राखतात. एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी, आणि दीड-दोन महिन्यांनी पिल्लं. कोकणातल्या या कामाला वेळासपासून जोर आला. २०२२ च्या सुरुवातीला रत्नागिरी जिल्ह्यात पाच माद्यांच्या पाठीवर उपग्रह टॅग बसवले होते, त्यातली वेळासची पहिली मादी, तिचं नाव प्रथमा ठेवलं होतं. पण मला सगळ्यात जास्त हलवून गेलेली गोष्ट वेगळी आहे. ओडिशात २०२१ मध्ये जिच्या पायाला क्रमांकाची पट्टी लावली होती ती मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरच्या वाळूत अंडी घालताना सापडली. म्हणजे भारताच्या दक्षिण टोकाला वळसा घालून ती आली. मी हे आईला सांगितलं तर ती म्हणाली, "माहेरपणाला आली असेल." तांडेल आणि पुतण्या दोघंही हसले, आई हसली नाही. तिने ते मनापासून म्हटलं होतं.

निवतीचे खडक. नकाशात वेंगुर्ला रॉक्स म्हणून लिहिलेली ही बेटं लांबून काळ्या दातांसारखी दिसतात आणि एकावर दीपगृह उभं आहे. जवळ गेल्यावर पाण्याचा रंग बदलतो, गडद निळा होतो, आणि लाट खडकाला लागते त्याचा पोकळ घुमणारा आवाज येतो, कारण आत गुहा आहेत. त्यांतल्या एका बेटावरच्या गुहेत पाकोळ्यांची वसाहत आहे. ही पाकोळी आपल्या लाळेने घरटं बांधते आणि त्या घरट्यांना परदेशात सूप करायला फार मोठी किंमत मिळते. म्हणून इथे घरटी चोरीला जात होती, अंडी-पिल्लं खाली टाकून. मग निसर्गप्रेमी संस्था आणि वनखात्याने लक्ष घातलं, राखण सुरू झाली. आम्ही बेटावर उतरलो नाही, उतरूही नये. खडकाच्या आडोशाला, पण लाटेच्या टप्प्याबाहेर, होडी धरून ठेवली. अंधाऱ्या फटीतून एक पाकोळी सुटली, मग दुसरी, मग मोजता येणार नाहीत इतक्या. कोयत्याच्या पात्यासारखे पंख, आणि वळण असं की नजर मागे पडावी. गुहेच्या मिट्ट काळोखात त्या टिकटिक आवाज करत, त्याचा पडसाद ऐकत वाट काढतात. डोळ्यांची गरज नाही. आईला मी हे समजावत होते तेव्हा तिने तोंडाजवळ बोट नेऊन मला गप केलं. तिला ऐकायचं होतं. पण लाटेच्या आवाजात टिकटिक काही आमच्यापर्यंत पोहोचली नाही.

वरच्या कड्यावरून समुद्रगरुड उडाला. पांढरं पोट, करडे पंख, आणि पंजात दोरीसारखं काहीतरी लोंबत होतं. तांडेल म्हणाले, "सरप." समुद्रसाप हे या गरुडाचं आवडतं खाणं. तो साप अजून वळवळत होता. गरुड त्याला घेऊन किनाऱ्याच्या दिशेने गेला. त्याचं घरटं किनाऱ्यावर उंच झाडावर असणार, आणि त्यासाठी एवढं दहा-पंधरा किलोमीटर समुद्र ओलांडून जाणं त्याला रोजचं.

साडेनऊला वारा पडला. म्हणजे अगदी थांबला. तांडेलांनी आभाळाकडे पाहिलं आणि होडी वळवली. "आता फिरतलो." वीस मिनिटांत खरंच वारा समुद्राकडून यायला लागला होता. बंदरात उतरलो तेव्हा शाळेतून झेंडावंदन करून परतणारी पोरं कागदी झेंडे घेऊन वाळूत पळत होती, आणि एका होडीतून टोपल्यांमधून बांगडे उतरत होते. आईने गुडघाभर पाण्यात उतरताना कुणाचा हात घेतला नाही.

मंगळवारी मालवण. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आजूबाजूच्या खडकांवर प्रवाळ आहेत, ते बघायला मी स्नॉर्कलिंग करणार होते. आई होडीत बसून राहणार होती. हा किल्ला शिवाजी महाराजांनी १६६४ ते १६६७ या काळात कुरटे बेटावर बांधला, आणि २०२५ च्या जुलैमध्ये जागतिक वारशाच्या यादीत जे बारा किल्ले गेले त्यांत तो आहे. हजारो माणसं रोज होडीने तटापर्यंत जातात. होडीच्या तळाखाली काय आहे हे त्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक असतं. किल्ला, पद्मगड आणि आसपासचे बुडालेले खडक धरून इथलं पाणी १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. क्षेत्र २९ चौरस किलोमीटरच्या थोडं वर, त्यातला गाभा तीन चौरस किलोमीटरच्या आसपास. इथल्या मच्छीमारांनी त्याला वर्षानुवर्षं विरोध केला, आणि त्यांची बाजू मी आता समजू शकते. ज्या पाण्यावर पिढ्यान् पिढ्या पोट आहे त्यावर त्यांना न विचारता रेघ मारलेली कुणाला आवडेल? पण ते प्रवाळ राहावेत असंही मला तितकंच वाटतं, आणि ज्यांच्या हातात ते राखणं आहे ते हेच लोक आहेत.

मास्क लावून तोंड पाण्यात घातलं आणि पहिल्यांदा फक्त स्वतःचा श्वास ऐकू आला. मग खाली खडक दिसला, मग कळलं की तो खडक नाही. मेंदूसारख्या वळ्या असलेला तपकिरी गोळा, त्याच्या शेजारी उलट्या छत्रीसारखा पसरलेला हिरवट थर. जवळ गेल्यावर त्याच्यावर टाचणीच्या टोकाएवढी भोकं, आणि एकेका भोकात एकेक जीव. या जीवांच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं, तेच त्यांना अन्न देतं, रंग देतं. समुद्र फार तापला की प्रवाळ ते शैवाल बाहेर टाकतात आणि पांढरेफटक पडतात. मी पाहिलेल्या खडकावर असा एक पांढरा पट्टा होता, तळहाताएवढा. त्याच्या कडेला मात्र तपकिरी रंग जिवंत होता.

तेवढ्यात बाजूच्या होडीतून पावाचे तुकडे पाण्यात पडले. काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे बोटभर मासे शेकड्यांनी धावून आले, आणि लोकांनी व्हिडिओ काढले. त्या माशांचं काम खडकावरचं शेवाळ आणि बारीक जीव खायचं. पाव खाऊन ते काम सुटतं, शेवाळ वाढतं, आणि प्रवाळ त्याखाली गुदमरतात. त्याच होडीने थेट खडकावर नांगर टाकला होता. आमच्या होडीवरच्या मुलाने होडी वाळूवर धरली होती, त्यामुळे त्याला मी मुद्दाम धन्यवाद दिले. त्या दुसऱ्या होडीवाल्यांशीही वर आल्यावर बोलले. त्यांनी ऐकून घेतलं. गिऱ्हाईकच पाव मागतं, असं ते म्हणाले. तर गिऱ्हाईक म्हणून माझं एवढं मागणं आहे: पाव मागू नका, नांगर कुठे टाकताय ते विचारा, आणि डॉल्फिन दिसला की "जवळ घ्या" म्हणून ओरडू नका.

वर आल्यावर आईने मला टॉवेल दिला आणि खाली काय होतं ते सगळं सांगायला लावलं. रंग कसा, हात लावला तर कसं लागेल, मासे बघतात का आपल्याकडे. मी हात लावला नाही म्हटल्यावर तिने मान हलवली.

संध्याकाळी आचऱ्याला मामाकडे गेलो. मामा आता चौऱ्याहत्तरचा. ओटीवर चहा झाला, आणि आईने त्याला सगळं सांगायला सुरुवात केली, मालवणीतून, मला अर्धंच कळेल इतक्या वेगाने. डॉल्फिनपाशी आली तेव्हा तिला शब्द सापडेना. मग तिने गाल फुगवून तो आवाजच काढून दाखवला. फ्फूऽस.

मामाने कप खाली ठेवला. पुन्हा काढ म्हणाला. तिने काढला.

मग त्याने सांगितलं की लहानपणी, आठ-नऊ वर्षांचा असताना, खाडीच्या तोंडाशी रात्री रापण बघायला गेला होता. परत येताना काळोखात पाण्यातून असाच आवाज दोनदा आला. तो पळत घरी आला आणि आजीला सांगितलं. आजी म्हणाली, देवचार फिरता, त्या बाजूक रात्रीचा जाव नको. तेव्हापासून तो रात्री कधी खाडीवर गेला नव्हता. ही गोष्ट त्याने आईलाही आजवर सांगितलेली नव्हती.

दोघं बराच वेळ काही बोलली नाहीत. बाहेर माडाच्या झावळ्या हलत होत्या. मग मामा उठला, खुंटीवरचं कालनिर्णय काढलं, चष्मा लावला आणि पुढचं पान उलटून वद्य अष्टमीवर बोट ठेवलं.

"पाऊणपट सहा," आई म्हणाली. "साडेसहाक निघाक व्हया."